तक्रार नसलेला रस्ता

किशोर गायधनी ज्या सरकारी कचेरीत काम करत, तिथे रस्ते फायलींमध्ये राहत. खरे रस्ते बाहेर जिल्हाभर उन्हापावसात पडलेले असत. कचेरीत असायची ती त्यांची दुखणी. अमुक रस्ता खचला, तमुक रस्त्याची मोरी वाहून गेली, एका रस्त्यावर तर वऱ्हाडाची जीप रुतून मुहूर्त टळला. ज्याची फाईल जाड तो रस्ता महत्त्वाचा, अशी कचेरीतली समजूत होती. दीड किलोमीटरच्या एका रस्त्याची फाईल तीन खंडांत होती, आणि त्या तीन खंडांवर उभं राहून वरच्या फळीवरच्या फायली काढता येत. त्या रस्त्याचा लोकांना झालेला एवढाच उपयोग.

दिवाळीनंतर जुनी दफ्तरं संगणकावर चढवण्याचं फर्मान निघालं आणि किशोररावांच्या हाताला ग्रामीण मार्ग क्रमांक एकशे सतरा लागला. हातणपाडा ते जांभूळमाळ. लांबी दोन पूर्णांक सहा किलोमीटर. तालुका दिंडोरी, पार पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. फाईल उघडली तर आत एकच कागद, रस्त्याचं नाव आणि लांबी सांगणारा. बस. ना खड्डा, ना मोरी, ना निवेदन, ना उपोषणाचा इशारा. किशोररावांनी फाईल उलटी धरून झटकली. एक झुरळ पडलं, तेही मेलेलं.

"रस्ताच नसेल," शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं.

"गावच नसेल," त्याच्या पलीकडच्या टेबलावरून.

किशोररावांनी जनगणनेचं पुस्तक काढून पाहिलं. गाव होतं. चारशे बारा माणसं होती. चारशे बारा माणसांनी इतक्या वर्षांत एकही तक्रार करू नये, ही गोष्ट किशोररावांच्या पचनी पडेना. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती आणि एकट्या पाण्याच्या टाकीबद्दल आठवड्याला अकरा तक्रारी होत. हा कसला रस्ता असेल? त्या रात्री जेवताना त्यांनी तीनदा "कमाल आहे" म्हटलं. सविताबाईंना वाटलं, भाजीबद्दल म्हणतायत. त्यांनी आणखी वाढली.

किशोररावांच्या कुतूहलाला आजवर बाहेर जायची सवय नव्हती. ते कचेरीत उठे, कचेरीतच चहा पिई आणि पाचच्या सुमारास मावळे. हे मात्र घरी आलं, आठ दिवस राहिलं आणि शेवटी जिन्यात योगेशच्या कानावर गेलं.

योगेश खालच्या मजल्यावरचा. बँकेत नोकरीला, आणि दर रविवारी पहाटे चकचकीत कपडे घालून सायकल दामटणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, "काका, स्कूटरवर जाऊन काही कळणार नाही. मोटारीत फक्त खड्डा कळतो. रस्ता कळायचा तर सायकल पाहिजे. आणि सायकल तर तुमच्या बाल्कनीतच आहे."

ती होती खरी. लेक वेदिका हैदराबादला नोकरीवर जाताना तिची शर्यतीची सायकल ठेवून गेली होती. वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची. गेली दोन वर्षं सविताबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालत, आणि त्या कामाला ती उत्तम होती.

"टॉवेल कुठे घालू मग?" एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर किशोररावांना अखेरपर्यंत देता आलं नाही.

बातमी इमारतीत पसरली. तळमजल्याच्या वत्सलाबाई चौतीस वर्षं परिचारिका होत्या. त्यांनी किशोररावांना बोलावून दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "डावा जाईल तिथवर. उजव्याचं मला सांगता येत नाही." योगेशने आपले पेडलला चिकटणारे बूट दिले. पाय एकदा बसला की खटकन अडकतो, त्यामुळे ताकद वाया जात नाही, असं त्याने समजावलं. पाय काढायचा कसा हेही सांगितलं, टाच बाहेरच्या अंगाला फिरवायची. पण तेव्हा किशोरराव बुटाच्या तळव्याकडे बघत होते. शिवाय एक चड्डी दिली. तिला आतून गादी होती. किशोररावांनी ती घालून आरशात पाहिलं आणि सविताबाईंना सांगितलं, की यावर मी पँट घालणार.

आता परवानगी. सरकारी माणसाला सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. हा नियम कचेरीत सगळ्यांना ठाऊक होता आणि पाळत कोणीच नसे. किशोररावांनी पाळला. रीतसर अर्ज केला. तिसऱ्या दिवशी शेरा आला, 'वाहनाचा नोंदणी क्रमांक नमूद करावा.' किशोररावांनी खुलासा दिला, की वाहन सायकल असून तिला क्रमांक नसतो. पुन्हा शेरा, 'प्रयोजन?' किशोररावांनी फार विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'कुतूहल.'

साहेबांनी आत बोलावलं.

"गायधनी, कुतूहल हे प्रयोजन होऊ शकत नाही."

"पण सर, तेच आहे."

"असेल. पण बसत नाही कुठे. 'वैयक्तिक' लिहा."

किशोररावांनी वैयक्तिक लिहिलं आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेसहाला, थंडीत कुडकुडत ते पेठ रोडला लागले.

पहिले पाच किलोमीटर फार चांगले गेले. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तसं सांगता येणार नाही. शहर मागे पडलं, धुकं शेतांवर बसलेलं होतं, आणि आपल्या पायांच्या जोरावर आपण कुठे तरी चाललो आहोत ही भावना छपन्नाव्या वर्षी किशोररावांना नवीन होती. डांबर कसं बदलतं ते खरंच कळत होतं. इथे गुळगुळीत, इथे खरखरीत, इथे ठिगळ. ठिगळ आलं की त्यांना त्याची फाईल आठवे आणि ते मनात म्हणत, अच्छा, तो तू होय. सहाव्या किलोमीटरला उजवी पँट साखळीत गेली. साखळीने ती आधी चाखली, मग चावली, आणि किशोरराव थांबेपर्यंत गुडघ्यापर्यंत खाऊन झाली होती. एका पायाची पँट घालून फिरण्यापेक्षा ती नसलेली बरी, असा निर्णय त्यांनी एका बाभळीमागे घेतला आणि गादीच्या चड्डीत पुढे निघाले. थंडी वाजत होती, पण मुख्य त्रास थंडीचा नव्हता.

रामशेजच्या फाट्यावर चहाची टपरी होती. बाकावर तिघं बसले होते. समोर किल्ला उन्हात नुकताच उजळत होता. किशोरराव चहासाठी टपरीसमोर आले, ब्रेक लावला, सायकल थांबली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाय निघत नाहीत. त्यांनी डावा ओढला, उजवा ओढला. बाकावरचे तिघं कप हातात धरून पाहत होते. क्षणभर किशोरराव आणि सायकल दोघंही सरळ उभे होते, अगदी पुतळ्यासारखे. मग हळूहळू, कसलीही घाई न करता, ते डावीकडे आडवे झाले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकाने कप खाली ठेवला, उठून त्यांचा बूट दोन्ही हातांनी धरून फिरवला आणि खटकन सोडवला.

"पाय काढायचा राहिला," तो समजुतीने म्हणाला.

किशोररावांनी धूळ झटकली, चहा घेतला, आणि अब्रू सावरावी म्हणून किल्ल्याचा विषय काढला. हा किती वर्षं लढला म्हणे मोगलांशी?

"कित्येक वर्षं लढला," तो माणूस म्हणाला. "हटला नाय. तुम्ही कुठपर्यंत जाणार?"

"हातणपाडा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग चड्डीकडे, आणि चहा परत प्यायला सुरुवात केली.

दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षबागा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंनी तारांवर चढवलेल्या वेली, खाली घडांना कागद गुंडाळलेले, मधून लाल मातीच्या वाटा. योगेशने फोनमध्ये मार्ग भरून दिला होता आणि फोनमधली बाई अतिशय आत्मविश्वासाने बोलत असे. एका जागी तिने डावीकडे वळायला सांगितलं. किशोरराव वळले. वाट दोन बागांमधून गेली, मग एका बागेच्या आत गेली, आणि मग संपली. समोर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. तो धावत आला आणि त्याने सायकल हातात घेतली.

"या साहेब. सकाळपासून वाट पाहतोय तुमची. मीच सावळीराम."

किशोरराव काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या आला. परदेशी माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस आज बाग पाहायला येणार होता, आणि हेल्मेट, काळा चष्मा, बिनबाह्यांचं जाकीट, असली चड्डी, असा माणूस कंपनीशिवाय कुठला असणार, हे सावळीरामचं गणित होतं. ते किशोररावांना दोन मिनिटांत समजलं. त्यांनी खुलासा करायला हवा होता. पण टपरीवर आडवं पडल्यापासून त्यांना कोणी 'साहेब' म्हटलं नव्हतं, आणि शिवाय बाग आतून कशी असते हे त्यांना खरोखरच पाहायचं होतं.

"पाहू या की," ते म्हणाले.

त्यांनी पाहिली. प्रत्येक ओळीत सावळीराम एक घड उघडून दाखवी आणि किशोरराव दोन मणी तोडून खात. कागद का गुंडाळता? उन्हानं मणी पिवळा पडतो म्हणून. फांदीला एवढेच घड का? जास्त ठेवले तर मणी फुगत नाय. सावळीरामलाही मजा येऊ लागली. कंपनीचा इतका विचारणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. अकराव्या ओळीत त्याने एक नळीसारखं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यावर रसाचा थेंब टाकला.

"साखर बघा साहेब."

किशोररावांनी नळी डोळ्याला लावली. ती उलटी होती. काचेपलीकडे त्यांना सावळीरामचा काळाभोर, आशेने भरलेला डोळा दिसला.

"कशी हाये?"

"स्वच्छ आहे," किशोरराव म्हणाले.

त्याच वेळी बांधावर मोटरसायकल थांबली आणि खरा माणूस उतरला. त्याच्या अंगावर साधा शर्ट होता, खिशाला पेन होतं आणि पँट पूर्ण लांबीची होती. सावळीरामने त्याच्याकडे पाहिलं, मग किशोररावांकडे.

"मग तुम्ही कोण?"

"मी सायकलवरून चाललोय," किशोरराव म्हणाले. याहून खरं त्यांना काही सुचलं नाही. "बाईने आत पाठवलं."

सावळीराम भला माणूस. त्याने फक्त डोकं खाजवलं, उघडलेले घड एका पिशवीत भरून त्यांच्या हँडलला लटकावले आणि त्यांना सडकेपर्यंत सोडायला आला. कुठे चाललात, त्याने विचारलं. किशोररावांनी सांगितलं.

"जांभूळमाळच्या रस्त्यानं?" सावळीराम थांबला. "त्या रस्त्यानं कशाला?"

"का? कसा आहे तो?"

सावळीरामने हँडलला लटकलेली पिशवी सरळ केली. "जाऊनच बघा," तो म्हणाला.

यानंतर किशोररावांना थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. बागा संपल्या. जमीन फुगत चालली, चढ सुरू झाले. एका चढावर साखळी उतरली आणि ती बसवताना त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. मग घाम पुसला तेव्हा तोंडही. एका वस्तीवर दोन कुत्र्यांनी त्यांना अर्धा किलोमीटर सोबत केली आणि तेवढ्यात त्या दिवसाचा सर्वांत जास्त वेग गाठला गेला. अकरा ओळींची द्राक्षं पोटात आपापसात बोलू लागली होती. डावा गुडघा वत्सलाबाईंनी सांगितल्याप्रमाणे बरोबर होता; उजव्याबद्दल त्यांना सांगता आलं नव्हतं, ते का, हे कळत होतं. शेवटचा चढ किशोरराव सायकल हातात धरून, चिकटणाऱ्या बुटांनी ठकठक करत चढले. हातणपाडा आला तेव्हा साडेबारा वाजले होते.

पाड्याच्या टोकाला डांबर संपलं आणि ग्रामीण मार्ग एकशे सतरा सुरू झाला.

किशोरराव बघतच राहिले. डांबर नव्हतं. तांबूस मुरूम होता, पण असा घट्ट बसलेला की सारवलेलं अंगण वाटावं. मधे उंच, कडांना अलगद उतरता. दोन्ही बाजूंना चर काढलेले, त्यांत एक पान पडलेलं नाही. वळणावर चुन्याने रंगवलेले दगड. ओहोळावर दगडांची बुटकी मोरी, आणि तिच्या तोंडाशी पालापाचोळा अडवायला बांबूची जाळी. त्यांनी सायकलवर टांग मारली. चाक एकदाही उडलं नाही. अठ्ठावीस वर्षं रस्त्यांच्या कचेरीत काढलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच चांगला रस्ता भेटत होता, आणि त्याच्याशी काय बोलावं ते त्यांना कळेना.

दीड किलोमीटरवर पंधरावीस माणसं काम करताना दिसली. कोणी मुरूम टाकत होतं, कोणी धुमसाने, दांड्याच्या जड लोखंडी ठोकळ्याने, तो ठोकत होतं. एक साठीची बाई कंबरेला पदर खोचून सगळ्यांना सूचना देत होती. एक म्हातारा पाय ओढत चरातलं गवत काढत होता. किशोरराव थांबले. या खेपेला टाच वेळेवर फिरवली.

"कोणी केला हा रस्ता?" त्यांनी विचारलं.

"आमी," बाई म्हणाली.

"कधीपासून? दरवर्षी करता? मुरूम कुठून आणता? मोरीला पाया किती खोल?"

बाईंचे हात थांबले. त्यांनी काळ्या तोंडाच्या, उघड्या पायांच्या त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कुठल्या खात्याचे?"

"मी आपला सायकलवर आलोय."

"सायकलवाले मोरीचा पाया नाय इचारत." आजूबाजूची फावडी थांबली होती. "खात्याचे असाल तर इथूनच मागे फिरा, साहेब. रस्ता बरा चाललाय. त्याला काय लावू नका."

त्या चिमणाबाई. पाय ओढणारा म्हातारा त्यांचा नवरा, बारकू. त्याने मधे पडून भांडण टाळलं. "अगं, त्याला पाणी तरी दे. तोंड बघ कसं झालंय." किशोरराव पाणी प्यायले, त्यांनी पिशवीतली द्राक्षं सगळ्यांत वाटली, आणि द्राक्षं खाताना माणसं बोलती झाली.

पूर्वी हा रस्ता म्हणजे नुसती नाळ होती, पाण्यानं कोरलेली घळ, बारकू सांगू लागला. एका पावसाळ्यात ओहोळाने तो मधोमध तोडला. गावाने मोरीसाठी कचेरीत अर्ज केला. मास्तरांकडून लिहून घेतला, सगळ्यांनी अंगठे दिले. त्याच पावसात बारकू बांधावरून पडला आणि पाय मोडला. खालून जीप येईना. झोळीत घालून न्यायला तीन दिवस थांबावं लागलं, पाणी उतरेपर्यंत. "उशिरा बसवला तर वाकडाच बसला," तो म्हणाला, जसं काही खुर्चीच्या पायाबद्दल सांगतोय. "मग ठरवलं, आपणच करू. तवापासून दर हिवाळ्यात दोन रविवार."

"आणि अर्जाचं?"

"उत्तर आलं ना," चिमणाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "दाखवते. तुमास्नी वाचता येतं, बघाच." त्या जवळच्याच झोपडीत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आल्या. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचे डाग होते. "खालच्या अंगाला एका पार्टीनं जमीन घेतली, अन् रस्त्यावर फाटक घातलं. म्हणे रस्ता नायच कुठे. आमी हा कागद नेला. ह्यात लिवलंय रस्त्याचं नाव अन् नंबर. गोल शिक्का हाय. अन् सही बघा, कशी जोरकस. तालुक्याच्या साहेबानं बघितली अन् दोन दिवसांत फाटक निघालं. दर दसऱ्याला पूजतो आमी."

किशोररावांनी कागद हातात घेतला. एकवीस वर्षांपूर्वीची तारीख होती. विषय, ग्रामीण मार्ग क्रमांक ११७, हातणपाडा ते जांभूळमाळ. खाली एकच वाक्य. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे.' आणि त्याखाली, 'करिता' असं लिहून, साहेब रजेवर असतील म्हणून, एक सही. मोठा 'कि', त्याला भोवताली वेटोळं, दोन टिंबं, खाली दुहेरी रेघ.

ती सही त्यांना कळायला वेळ लागला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांनी ती वहीत घोटली होती. फायलीत तक्रार का नव्हती तेही कळलं; अर्जच परत गेल्यावर फायलीत राहणार काय. असे अर्ज ते दिवसाला दहा परत पाठवत. हा त्यांना आठवतही नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. कागदाची पूजा होत होती. समोर बारकू द्राक्षांचे देठ तळहातावर जमवत बसला होता आणि त्याचा वाकडा पाय उन्हात पसरलेला होता.

"ही सही माझी आहे," किशोरराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग बारकू हसला. "ह्या चड्डीत?"

"तेव्हा पँट होती. खरंच माझी आहे. मीच अर्ज परत पाठवला. तुमचा पाय…"

"करून दाखवा मग," चिमणाबाई म्हणाल्या. कोणी तरी पेन आणलं, कोणी बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा. किशोररावांनी सही केली. पण रोज चाळीस सह्या करून करून एकवीस वर्षांत त्या सहीचं नुसतं शेपूट उरलं होतं. पुठ्ठ्यावर एक वळवळती रेघ उमटली. चिमणाबाईंनी ती कागदाशेजारी धरली. सगळे वाकून पाहू लागले. किशोररावांनी पुन्हा केली, मुद्दाम मोठी. वेटोळं भलतीकडे गेलं. तिसऱ्या वेळी टिंबं आधीच पडली. आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या गोष्टीची जबाबदारी स्वतःहून अंगावर घ्यायला निघाले होते, आणि कागदोपत्री ती सिद्ध होत नव्हती.

"राहू द्या, साहेब," बारकू समजुतीने म्हणाला. "उन्हाचं होतं असं."

"ते सही करणारे साहेब निराळे होते," चिमणाबाई म्हणाल्या आणि कागद परत पिशवीत घालू लागल्या. मग थांबल्या. "पण कचेरीतले तर हाय ना तुमी? मग येक सांगा. लय वर्षं इचारायचं राहिलं. हा विहित नमुना म्हंजी काय असतो? कसा दिसतो?"

किशोररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. विहित नमुना म्हणजे… त्यांनी आठवून पाहिलं. लांबट असतो की चौकोनी, वर काय लिहिलेलं असतं, कुठल्या कपाटात ठेवतात. हजारो अर्ज त्यांनी त्याच्या नावाने परत पाठवले होते. साहेबांनी लिहून दिलेलं वाक्य होतं, त्यांच्या आधीच्या साहेबांनी त्यांना दिलेलं.

"मला माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "मोरीसाठी असा काही नमुना मी कधी पाहिलाच नाही. नसेलच बहुतेक."

चिमणाबाई त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत होत्या.

"मग सही तुमचीच," त्या म्हणाल्या.

बारकूने हातातले देठ टाकले. तो उठला, पाय ओढत गेला, आणि किशोररावांना वाटलं आता हा काही बोलणार, किंवा मारणार, आणि दोन्हींत आपल्याला काही म्हणता येणार नाही. बारकू मुरमाने भरलेलं घमेलं घेऊन आला आणि त्याने ते किशोररावांच्या हातात दिलं.

"तिकडं टाका. झाडाच्या अलीकडं."

किशोररावांनी बूट काढून ठेवले आणि अनवाणी दीड तास घमेली वाहिली. मधे उंच का ठेवायचं, पाणी कुठल्या अंगाने काढायचं, मुरूम ओला करून का ठोकायचा, सगळं ते विचारत होते आणि बारकू सगळं सांगत होता, आधी तुटक, मग हातवारे करून, मग जमिनीवर काडीने रेघा ओढून. रस्ता कसा करतात हे त्यांना आज कळत होतं. कंबर मोडून आली होती, पण प्रश्न संपत नव्हते.

काम झाल्यावर बारकू सायकलपाशी गेला आणि अंगठ्याने टायर दाबून पाहिला. "ह्याच्याहून बारीक चाक इथं यायचं नाय," तो म्हणाला. "ह्यानं रुतलं नाय तर काहीच रुतणार नाय. चालवा बघू."

सगळे कडेला उभे राहिले. किशोरराव अनवाणीच निघाले. नव्या मुरमावरून चाक झुळझुळत गेलं, मागे दोऱ्यासारखी रेघ उमटत. झाडापाशी आल्यावर ते भसकन आत गेलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि किशोरराव हँडलवरून पुढे मुरमात बसले.

बारकू आला. त्याने बोट घालून खोली मोजली.

"इथं कोणी टाकला?"

किशोररावांनी बसल्या बसल्या हात वर केला.

बारकूने धुमस आणून त्यांच्यासमोर उभा केला. किशोररावांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि ठोकायला लागले. बारकू शेजारी उभा राहून मोजत होता. तीस झाले, चाळीस झाले. साठाला त्याने हात वर केला, वाकून तळवा मुरमावर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"बसला," तो म्हणाला. मग त्याच हाताने त्याने किशोररावांचा खांदा धरला, कारण खाली वाकलं की त्याला आधाराशिवाय सरळ होता येत नसे, आणि दोघं तसेच चालत भाकरी खायला गेले.